शिरोड्याला मुक्काम, तेरेखोलला फेरी

नागपूरच्या मनीषनगरातून गोव्याला निघणाऱ्यांचा शिरस्ता ठरलेला असतो. सोनेगावच्या विमानतळावरून विमान पकडायचे, उतरून टॅक्सीने कळंगुट किंवा बागा गाठायचे, तीन रात्री काढायच्या आणि परत यायचे. त्यात गैर काहीच नाही. पण उत्तर गोव्यातल्या मोपाच्या विमानतळाबाहेर पडलेली तीच टॅक्सी दक्षिणेला न वळता पश्चिमेला निघाली, तर साधारण तासाभरात ती पुन्हा महाराष्ट्रात शिरते आणि शिरोडा नावाच्या गावात येऊन थांबते. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वेंगुर्ले तालुक्यातले हे गाव समुद्राकाठी आहे आणि गोव्याची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर आहे. चार दिवस हाताशी असतील तर मुक्काम गोव्यात न करता शिरोड्यात करावा आणि गोवा तिथून पायी, फेरीबोटीने, पुलावरून असा थोडा थोडा पाहावा. ज्यांना किनाऱ्याइतकाच इतिहासही आवडतो, त्यांच्यासाठी कोकणात याहून चांगला तळ सापडणे कठीण.

या पट्ट्यात एकेकाळी तीन राज्यकर्त्यांच्या सरहद्दी भिडत होत्या. सावंतवाडीकर भोसल्यांनी 1812 मध्ये वेंगुर्ले इंग्रजांना दिले आणि पुढे शिरोडाही ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यात आले. शेजारचे आरोंदा सावंतवाडी संस्थानातच राहिले. नदीच्या मुखावरचे तेरेखोल मात्र पोर्तुगिजांकडे होते. गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला, तरी रेघ पुसली गेली नाही. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला आणि तीच जुनी रेघ दोन राज्यांची सीमा म्हणून कायम राहिली. या पट्ट्यात तेरेखोल नदी बहुतेक ठिकाणी ही सीमा आखते. तेरेखोलचा किल्ला आणि गाव मात्र नदीच्या उत्तरेला, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूला असूनही गोव्याचे आहे. जमिनीवरून तिथे पोहोचायचे तर गोव्याच्या माणसालाही महाराष्ट्रातूनच यावे लागते.

आधी पोहोचण्याचे. विमानाचे तिकीट काढताना ते मोपाचे आहे की दाबोळीचे, हे नीट पाहावे. दोन्ही विमानतळांना लोक सरसकट ‘गोवा’च म्हणतात. मोपाचे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ पेडणे तालुक्यात, म्हणजे सीमेला लागूनच आहे. जानेवारी 2023 पासून तिथे विमाने उतरू लागली. दाबोळीला उतरलात तर झुआरी आणि मांडवी अशा दोन्ही नद्या ओलांडून वर यावे लागेल, त्यात अर्धा दिवस जाईल. नागपूरहून थेट विमाने हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून वेळापत्रक पाहूनच सुट्टी टाकावी.

रेल्वेने जायचे तर नागपूर-मडगाव विशेष गाडी सोयीची. ही गाडी आठवड्यातून दोनदा, भुसावळ, नाशिक, कल्याण, पनवेल करत कोकण रेल्वेवर उतरते. शिरोड्यासाठी सावंतवाडी रोड हे स्थानक सोयीचे, पण गाडी तिथे थांबते का, हे तिकीट काढताना पाहावे. ही गाडी ‘विशेष’ म्हणून चालत आली आहे आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, तेव्हा ती चालू असल्याची खात्री करूनच बेत पक्का करावा. दुसरा मार्ग ठाण्यावरून. विदर्भ किंवा सेवाग्रामने मुंबईकडे जायचे आणि रात्री कोकणकन्या किंवा तुतारी पकडायची. मधला दिवस ठाण्यात काढावा लागतो, पण दुसऱ्या दिवशी सावंतवाडी येते. लहान मुले बरोबर असतील तर रात्री उशिरा गाडी बदलणे टाळलेले बरे.

स्वतःच्या गाडीने अंतर हजार किलोमीटरच्या आसपास भरते. यवतमाळ, नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर आणि मग आंबोली घाट असा सरळ मार्ग आहे. वाटेत एक मुक्काम कराच. आंबोलीचा घाट दिवसाउजेडी उतरायचा, तर कोल्हापूरला रात्र काढणे चांगले. पवनार ते पत्रादेवी अशा 802 किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाचा आराखडा सरकारने मांडला आहे. तो झाला तर विदर्भातून थेट याच सीमेवर रस्ता येईल. कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्यांचा त्याला कडवा विरोध आहे, त्यामुळे तूर्त तरी जुन्या रस्त्याचाच हिशेब धरावा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. नागपूरच्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्याला कोकणातला एप्रिल-मे आकड्यांवरून सौम्य वाटतो, पण तिथली दमट हवा अंगातले त्राण काढून घेते. सुती, सैल कपडे आणि भरपूर पाणी हवे. ओले काजूगर खायचे असतील तर मात्र फेब्रुवारीनंतरच जावे लागेल. पावसाळ्यात कोकण पाहण्याची हौस वेगळी आणि ती योग्यच, पण तेव्हा समुद्रात पाय घालायचा नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे ताटात मासळी कमी येते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रकही बदलते आणि गाड्या हळू धावतात.

पहिला दिवस शिरोड्यातच घालवावा. वि. स. खांडेकर 1920 मध्ये इथल्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि 1938 पर्यंत राहिले. मुख्याध्यापक झाले, कादंबऱ्या लिहिल्या. पुढे ‘ययाति’साठी 1974 चे ज्ञानपीठ मिळालेले ते पहिले मराठी लेखक. ती शाळा आजही आहे, अ. वि. बावडेकर विद्यालय या नावाने. खांडेकरांच्या आठवणी तिथे जपल्या आहेत. शाळा चालू असताना जायचे तर कार्यालयात विचारून जावे, वर्ग सुरू असताना वऱ्हांड्यातून फोटो काढत फिरू नये.

शिरोड्याची मिठागरे याहून महत्त्वाची. मे 1930 मध्ये महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या सत्याग्रहींनी इथे मिठाचा कायदा मोडला, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. आपल्याकडे समुद्र नाही, म्हणून विदर्भाने वेगळी वाट काढली. अकोल्याजवळच्या दहीहांड्यात खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ केले गेले आणि 10 जुलै 1930 रोजी बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. हे ठाऊक असलेला नागपूरकर शिरोड्याच्या मिठागरांच्या बांधावर उभा राहिला की त्याला ती जागा परकी वाटत नाही.

मीठ तयार होताना पाहायचे असेल तर हिवाळा सरता सरता ते उन्हाळ्यापर्यंत जावे. भरतीचे पाणी मोठ्या खाचरात घेतात. उन्हाने आटत ते घट्ट होत जाते, तसे एकातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या वाफ्यात सोडतात. शेवटच्या उथळ वाफ्याचा तळ धोपटून, दाबून अगदी गुळगुळीत केलेला असतो, नाहीतर मिठात माती येते. पाण्यावर आधी पातळ साय धरल्यासारखे दिसते, मग दाणे खाली बसतात. लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ते हलक्या हाताने ओढून कडेला ढीग लावतात. वाफ्याच्या तळाला ओरखडा उठू नये, हे यातले खरे कसब. पर्यटकाने बांधावरूनच पाहावे, चपला घालून वाफ्यात उतरू नये. काम करणाऱ्यांकडून चार-दोन किलो खडेमीठ विकत घ्यावे, लोणच्याला ते उत्तम. मिठागरे आता थोडीच चालू आहेत, हे मात्र जाताना मनाशी धरावे.

संध्याकाळ वेळागरच्या किनाऱ्यावर. सुरूच्या बनाखालून वाळूत उतरायचे. गर्दी कमी, पुळण लांबलचक. मुक्कामाची बरीच घरगुती ठिकाणे याच भागात आहेत. खोली घेताना आधीच विचारून घ्यावे, जेवण घरचे मिळेल का आणि मासळी कुठली मिळेल. सकाळी सांगितले तर रात्रीच्या ताटात हवे ते येते. ऐनवेळी सांगितले तर बर्फातले येते.

शिरोड्याला चिकटून आरवली. इथला वेतोबा माणसाच्या रूपात, माणसाहून उंच उभा आहे. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, अशी श्रद्धा असल्याने नवसाला कातडी चपलांचे मोठमोठे जोड वाहतात आणि केळ्यांचे घड देतात. चपलांची ती रास पाहून हसू नये, गावकऱ्यांचा जीव त्यात आहे. जयवंत दळवी याच आरवलीचे. 14 ऑगस्ट 1925 रोजी ते जन्मले आणि त्यांच्या लेखनातली कितीतरी माणसे या पंचक्रोशीतून आली. ‘सारे प्रवासी घडीचे’ वाचून मग या रस्त्यांवरून फिरले तर गंमत कितीतरी वाढते.

दुसरा दिवस सीमेचा. संपूर्ण सहलीत एकच दिवस नीट आखायचा असेल तर तो हा. शिरोडा, रेडी, तेरेखोल, फेरीबोटीने केरी, नदीच्या दक्षिण काठाने किरणपाणी, पुलावरून आरोंदा आणि परत शिरोडा असे एक वर्तुळ होते. अंतर थोडे, एका दिवसात सहज जमते, आणि सीमा दोनदा ओलांडली जाते.

सकाळी लवकर रेडीच्या यशवंतगडावर. खाडीच्या तोंडाशी झाडीत दडलेला हा किल्ला शिवाजी महाराजांच्या ताब्यात होता, मग सावंतांच्या, मधली काही वर्षे पोर्तुगिजांच्या, आणि 1819 मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. वडाच्या मुळांनी भिंती कवटाळल्या आहेत, त्यामुळे दगड सैल आहेत. तटावर चढण्याचा हट्ट मुलांना करू देऊ नये. पायात बूट हवेत, गवतात साप-विंचू असू शकतात. रेडीला लोहखनिजाच्या खाणी आहेत, बंदरातून ते बाहेर जाते. लाल धुळीच्या रस्त्यांवर ट्रकना वाट द्यावी. याच खाणपट्ट्यात 1976 मध्ये सापडलेली दोन हातांची बसलेली गणेशमूर्ती आता मंदिरात आहे आणि दर्शनाला रोज गर्दी असते.

रेडीहून तेरेखोलला जाताना गोवा कधी सुरू झाला ते चटकन कळतही नाही. किल्ला सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधला. पुढे मार्क्विस ऑफ आलोर्ना म्हणून ओळखल्या गेलेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने 1746 मध्ये तो जिंकला. आत सेंट अँथनीचे चर्च आहे. 15 ऑगस्ट 1954 रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता. किल्ल्यात बरीच वर्षे हॉटेल चालले, त्यामुळे आत कुठवर सोडतात हे दारातच विचारून घ्यावे. आत नाही जाता आले तरी बाहेरच्या कठड्यावरून नदीचे मुख, पलीकडचा केरीचा किनारा आणि अथांग समुद्र असे सगळे एका नजरेत येते. या जागेला किमान एक तास द्यावा.

सीमेवरची किनारी गावे पाहायला लोक जगभर हिंडतात. ग्रीसच्या ईशान्य टोकाला अलेक्झांड्रुपोली आहे. तिथे 1880 पासूनचे दीपगृह पाहायचे, एव्रोस नदीच्या त्रिभुज प्रदेशातले पक्षी पाहायचे, बोटीने सॅमोथ्रेस बेटावर जायचे. पण नदीपलीकडच्या तुर्कस्तानात पाऊल टाकायचे तर पासपोर्ट आणि व्हिसाचे सोपस्कार आले. तेरेखोलला नदी, मुख, किल्ला, पक्षी हे सारे आहेच, आणि सीमा तर रेडीहून येतानाच नकळत ओलांडलेली असते.

तेरेखोलहून केरीला नेणारी फेरीबोट गोवा सरकारच्या नदी परिवहन खात्याची. धक्क्यावर आधी दुचाक्या चढतात, मग गाड्या, आणि पायी माणसे कडेने उभी राहतात. चारचाकीवाल्याने खलाशी हाताने दाखवेल तशीच गाडी घ्यावी आणि हँडब्रेक ओढायला विसरू नये. ओहोटीच्या वेळी पाणी उथळ झाले तर फेऱ्या अडतात, म्हणून धक्क्यावर पोहोचल्या पोहोचल्या पुढच्या फेरीची आणि परतीच्या शेवटच्या फेरीची चौकशी करावी. फेरी चुकली तरी घाबरायचे कारण नाही, किरणपाणीचा पूल आहेच.

केरीला सुरूच्या सावलीत बसावे, पोहू मात्र नये. नदी समुद्राला मिळते तिथे वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली जोराची ओढ असते, आणि ओहोटीत ती माणसाला सरळ आत नेते. हे तेरेखोललाच नव्हे, मोचेमाडपासून रेडीपर्यंतच्या प्रत्येक खाडीमुखाला लागू आहे. अंबाझरीच्या किंवा जलतरण तलावाच्या पाण्यात पोहणाऱ्यांनी तर विशेष सांभाळावे, कारण आत्मविश्वास असतो आणि समुद्राची सवय नसते. महाराष्ट्राच्या बाजूला जीवरक्षक सगळीकडे नसतात. कोळी ‘नको’ म्हणाला की नको.

भरती-ओहोटीचा अंदाज घेण्याची कोकणातली जुनी रीत नागपूरकरांनी शिकून घ्यावी. त्या दिवसाची तिथी कॅलेंडरवर पाहायची, तिला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे. येईल तो भरतीचा अंदाजे तास. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन: पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. तास-दीड तास मागेपुढे होऊ शकते, म्हणून बोटीसाठी किंवा पोहण्यासाठी यावर विसंबू नये, छापील तक्ता पाहावा. पण किनाऱ्यावर चालायला कधी जायचे हे ठरवायला एवढे पुरते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, तेव्हा पुळण अरुंद होते.

तिसरा दिवस वेंगुर्ल्याला द्यावा. गोव्याच्या पोर्तुगिजांची नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना रसद मिळावी, म्हणून डचांनी 1637 मध्ये इथे ठाणे घातले. त्यांच्या वखारीचे पडके अवशेष गावात आहेत. युरोपातले भांडण वेंगुर्ल्याच्या बंदरात कसे येऊन पोहोचले, ते त्या भिंती पाहून उमगते. तिथून मांडवी खाडीवर जावे. ‘स्वामिनी’ बचत गटातल्या मच्छीमार बायका होडीतून कांदळवनाची सैर घडवतात. झाडांची नावे, कुठले खेकडे कुठे राहतात, खारे पाणी पिऊन झाड जगते कसे, हे त्या स्वतः सांगतात. सैरीची वेळ भरतीवर ठरते, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला मिळण्याची शक्यता असते. तिथे मोबाइलचा फ्लॅश अजिबात मारू नये, पिल्ले उजेडाने भरकटतात. वेंगुर्ले नगरपरिषदेने कचऱ्याचे वर्गीकरण मनावर घेऊन राबवले आहे आणि गावाला त्यामुळे नाव मिळाले. पाहुण्यांनी प्लास्टिकच्या बाटल्या तिथे टाकून येऊ नयेत, एवढी अपेक्षा रास्त आहे.

चौथ्या दिवशी परतीच्या वाटेवर सावंतवाडी. मोती तलाव, राजवाडा, राजवाड्यात रंगवले जाणारे गोल गंजिफा आणि चितार आळीतली लाकडी खेळणी. वेळ उरला तर बांद्यावरून पत्रादेवीला जावे. 15 ऑगस्ट 1955 रोजी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी इथे गोळ्या झाडल्या, पंजाबातून आलेला तरुण शिक्षक कर्नैलसिंग बेनिपाल इथेच पडला. स्मारक मुख्य रस्त्यालगत आहे, तरी गोव्याकडे धावणाऱ्या शंभरातल्या पाच गाड्याही तिथे थांबत नसतील.

जेवणाबद्दल थोडे. सावजीची जीभ घेऊन गेलेल्यांना मालवणी रस्सा पहिल्यांदा मवाळ वाटेल. त्यात तर्रीऐवजी ओल्या खोबऱ्याचे वाटण असते, तिखटापेक्षा तिरफळ आणि कोकम बोलते. बांगडा तिरफळ घालून मागावा, तिसऱ्या सुक्या मागाव्यात, वडे-कोंबडी एकदा खावीच. शाकाहारींनी नाराज होऊ नये. काजूगरांची उसळ, घावने-चटणी, आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी एवढ्यावर चार दिवस सुखाने जातात.

खरेदीत काजू सर्वांत आधी. डब्यावर ‘डब्ल्यू 240’, ‘डब्ल्यू 320’ असे लिहिलेले असते, तो एका पौंडात बसणाऱ्या गरांचा आकडा. आकडा जितका लहान, तितका गर मोठा आणि महाग. घरच्या मिठाईसाठी तुकडा घेतला तरी चालतो. कोकमाचे आगळ घट्ट झाकणाच्या बाटलीत घ्यावे आणि विमानात ते सामानात टाकावे, हातातल्या पिशवीत नको.

गोव्यातून दारूच्या बाटल्या महाराष्ट्रात आणणे हा परवान्याशिवाय गुन्हा आहे, 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात. ‘एकच तर आहे’ हे तिथे चालत नाही. गोव्यात भाड्याने घेतलेली दुचाकी महाराष्ट्रात आणायची असेल तर मालकाला आधी विचारावे, आणि काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचा क्रमांक असलेलीच गाडी घ्यावी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि पोलिसांनी अडवले, तर भुर्दंड पर्यटकाला पडतो.

गाडी नसली तरी अडत नाही. सावंतवाडी, वेंगुर्ले, शिरोडा, रेडी अशा एसटी आहेत. महिलांना अर्धे तिकीट आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास ही सवलत इथेही चालते, मात्र ओळखपत्र जवळ हवे. संध्याकाळी एसटी कमी होतात, तेव्हा शिरोड्यातला एखादा रिक्षावाला सकाळीच दिवसभरासाठी ठरवावा आणि तेरेखोलचा दर, थांबण्याच्या वेळेसह, निघण्याआधीच बोलून घ्यावा.